घानातली लाईट गेली नसती तर

२७ जून २०१७ रोजी उरणजवळच्या न्हावा शेवा बंदरातलं एक टर्मिनल अचानक ठप्प झालं. क्रेन धडधाकट होत्या, माणसं हजर होती, जहाजं धक्क्याला लागलेली होती. पण कोणता कंटेनर कुठे ठेवलाय, तो कोणाचा आणि कोणत्या ट्रकवर चढवायचा, हे ज्या कॉम्प्युटरना ठाऊक होतं त्यांनी मान टाकली होती. जवाहरलाल नेहरू बंदरातलं हे गेटवे टर्मिनल चालवत होती एपीएम टर्मिनल्स, म्हणजे डेन्मार्कच्या मर्स्क या जहाज कंपनीच्याच घरातली कंपनी. त्या दिवशी मर्स्कच्या जगभरातल्या ७६ टर्मिनलांपैकी १७ टर्मिनलांचं असंच झालं. काळ्या पडद्यावर लाल अक्षरं आली होती: तीनशे डॉलरचे बिटकॉइन पाठवा, फायली परत मिळतील.

त्या मिळणार नव्हत्या. नॉटपेट्या नावाचा हा प्रोग्राम खंडणीखोराचं सोंग घेतलेला नासधूस्या होता. कुलूप लावून त्याने किल्ली केव्हाच फेकून दिली होती. तो सुटला युक्रेनमधून. आपल्याकडे जीएसटीच्या रिटर्नसाठी सॉफ्टवेअर असतं, तसं तिथे हिशेब आणि करविवरणासाठी एमईडॉक नावाचं सॉफ्टवेअर होतं. त्याच्या अपडेटमध्येच विष कालवलं गेलं. ज्यांनी इमानदारीने अपडेट घेतलं तेच पहिल्यांदा बुडाले. पुढे एका कॉम्प्युटरवरून दुसऱ्यावर जाताना त्याने विंडोजमधलं एक जुनं भोक वापरलं. हे भोक बुजवणारा पॅच मायक्रोसॉफ्टने १४ मार्चलाच दिलेला होता, आणि मे महिन्यात वॉनाक्राय नावाच्या प्रोग्रामने त्याच भोकातून जग हलवून सोडलं होतं. तरी पॅच न लावलेल्या मशिनी जागोजाग उरल्या होत्याच. त्यातून पॅच लावलेल्या मशिनीही सुटल्या नाहीत, कारण नॉटपेट्या एका कॉम्प्युटरच्या मेमरीतले पासवर्ड उचलून तेच शेजारच्या मशिनीवर चालवून बघायचा.

मर्स्ककडे बॅकअप नव्हते असं नाही. बहुतेक सर्व्हरांचे तीन ते सात दिवसांपूर्वीचे बॅकअप सापडले. सापडेना ती एकच गोष्ट, डोमेन कंट्रोलर. कंपनीच्या नेटवर्कवर कोण आत येऊ शकतं आणि कोणाला काय परवानगी आहे, याची वही या सर्व्हरांवर असते. जगभर असे दीडशेच्या आसपास सर्व्हर होते आणि सगळे एकमेकांशी जुळवून घेत राहायचे. एक बिघडला तर बाकीचे आहेतच, म्हणून वेगळा बॅकअप घेण्याची गरज कोणाला वाटली नव्हती. ते सगळे एकाच दिवशी जातील, हे कोणाच्या हिशेबात नव्हतं.

दीडशेतला एक वाचला. तो घानामध्ये होता, आणि हल्ल्याच्या आधी तिथली लाईट गेल्यामुळे तो नेटवर्कवरून तुटलेला होता. त्यातला काही शे जीबींचा डेटा इंग्लंडला पाठवायचा, तर तिथली इंटरनेट लाईन इतकी बारीक की दिवसच्या दिवस लागले असते. घानातल्या कर्मचाऱ्यांकडे ब्रिटिश व्हिसा नव्हता. शेवटी एक जण डिस्क घेऊन विमानाने नायजेरियाला गेला, तिथल्या विमानतळावर ती दुसऱ्याच्या हातात दिली, आणि ती लंडनमार्गे मेडनहेडच्या कचेरीत पोचली. पुढच्या दहा दिवसांत मर्स्कने ४,००० सर्व्हर आणि ४५,००० पीसी नव्याने उभे केले, असं कंपनीचे अध्यक्ष जिम हागेमान स्नाबे यांनी जानेवारी २०१८ मध्ये दावोसला जाहीरपणे सांगितलं. कंपनीने सांगितलेला नुकसानीचा आकडा २५ ते ३० कोटी डॉलरचा.

लाईट गेल्यामुळे काही वाचतं, हे विदर्भात सांगितलं तर लोक हसतील. वाशीम जिल्ह्याच्या मालेगाव तालुक्यातलं जऊळका हे अकोला–पूर्णा रेल्वेमार्गावरचं गाव, म्हणून त्याला जऊळका रेल्वेही म्हणतात. अशा गावातल्या घरच्या कॉम्प्युटरला पहिला शत्रू रशियातला हॅकर नसतो, तर ये-जा करणारी लाईट आणि मृगाच्या पावसातली वीज असते. हार्ड डिस्क लिहीत असताना वीज गेली की विंडोजची फाइल सिस्टिम आपला घरसंसार बहुधा सावरून घेते, कारण कुठला बदल अर्धवट राहिला याची नोंद ती ठेवते. पण उघडी असलेली एक्सेलची फाइल किंवा टॅलीचा डेटा सावरेलच याची हमी नाही. वीज परत येतानाचा झटका तर आणखी वाईट. स्वस्तातला एसएमपीएस, नावापुरतं अर्थिंग आणि त्याच बोर्डावर खोचलेली बाहेरची डिस्क, असं जिथे असतं तिथे मूळ आणि प्रत दोन्ही एकाच झटक्यात जातात. राउटरच्या तारेतून आलेली वीज इन्व्हर्टरला विचारत नाही. जून महिन्यात दुरुस्तीच्या दुकानांत जळालेल्या लॅन पोर्टांची रांग लागते ती याचमुळे.

अशा घरच्या कॉम्प्युटरवर असतं तरी काय? सातबारा आणि आठ-अ, पीक विम्याची पावती, जातवैधता प्रमाणपत्राचं स्कॅन, मुलीच्या नीटचं प्रवेशपत्र, आजोबांच्या तेरवीचे फोटो. यातलं सरकारी ते पुन्हा काढता येतं. डिजिलॉकर २०१५ पासून आहे आणि आपले सरकार केंद्रावर प्रत मिळते. तेरवीचे फोटो कुठल्याच केंद्रावर मिळत नाहीत. कशाचा बॅकअप घ्यायचा हा प्रश्न लोक उगाच अवघड करून ठेवतात. जे पैसे देऊनही दुसरीकडे मिळणार नाही, ते पहिलं. विंडोज आणि सिनेमे गेले तर गेले.

हे सगळ्यात आधी कळतं लग्नाचं शूटिंग करणाऱ्यांना. त्यांच्याकडे एकेका मुहूर्ताचा शंभर-दोनशे जीबी माल येतो, तो पुन्हा शूट करता येत नाही, आणि नवरदेवाचे वडील दारात उभे राहतात. बॅकअपच्या जगात ज्याला ३-२-१ म्हणतात तो नियम एका फोटोग्राफरनेच रूढ केला, यात आश्चर्य नाही. अमेरिकेतल्या पीटर क्रोग यांनी २००५ मध्ये डिजिटल फोटो सांभाळण्यावर पुस्तक लिहिलं, त्यातून तो पसरला: प्रती तीन, दोन वेगवेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर, आणि त्यातली एक घराबाहेर. कार्ड दोन ठिकाणी उतरल्याशिवाय पुसायचं नाही, ही शिस्त तालुक्याच्या स्टुडिओतली पोरं पुस्तक न वाचताही पाळतात. बिनसतं ते पुढे. दोन्ही प्रती त्याच टेबलावर, त्याच कॉम्प्युटरला चोवीस तास जोडलेल्या असतात.

आणि त्याच कॉम्प्युटरवर क्रॅक केलेलं फोटोशॉप असतं.

स्टॉप किंवा डीजेव्हीयू या नावाचा रॅन्समवेअर, म्हणजे फायलींना कुलूप लावून खंडणी मागणारा प्रोग्राम, २०१८ पासून जगभरच्या घरगुती कॉम्प्युटरांवर फिरला तो मुख्यतः याच वाटेने. क्रॅक, की-जनरेटर, विंडोज फुकटात ‘ॲक्टिव्हेट’ करणारी टूलं. डाउनलोड करताना अँटिव्हायरस ओरडतो, तर सूचनेतच लिहिलेलं असतं की अँटिव्हायरस बंद करा, तो उगाच ओरडतो. घरमालकाला कुत्रा बांधून ठेवायला सांगणाऱ्या चोराचं ऐकावं, तसंच हे. मग विंडोज अपडेटची खोटी खिडकी येते, टक्केवारी सरकत राहते, आणि तिच्या आड फायलींना कुलूप लागत असतं. विंडोज स्वतः ठेवते त्या जुन्या ‘शॅडो’ प्रती पुसल्या जातात, मदत मिळेल अशा वेबसाइटी उघडू नयेत म्हणून होस्ट्स फाइल बदलली जाते. मागणी ९८० डॉलरची. ७२ तासांत दिले तर निम्मी, ४९०. दुकानातल्या सेलसारखी सवलत.

हौशी माणसाने लक्षात ठेवावं असं यात एक आहे. घाईत जास्तीत जास्त फायली उरकाव्यात म्हणून हा प्रोग्राम प्रत्येक फाइलचा सुरुवातीचा साधारण दीडशे केबीएवढाच भाग बिघडवतो. लहानशा वर्ड फाइलचा त्यात निकाल लागतो, पण चार जीबीच्या लग्नाच्या व्हिडिओचं बहुतेक अंग शाबूत राहतं. गेलेलं असतं ते डोकं. त्याच कॅमेऱ्याने, त्याच सेटिंगवर काढलेली दुसरी चांगली क्लिप हाताशी असेल तर तिच्या आधाराने डोकं पुन्हा बसवून व्हिडिओ चालू झाल्याची उदाहरणं आहेत. म्हणून अशा वेळी कॉम्प्युटर लगेच फॉरमॅट करू नये. बिघडलेल्या फायली तशाच एका डिस्कवर काढून ठेवाव्यात. ऑक्टोबर २०१९ मध्ये एमसिसॉफ्ट कंपनीने या रॅन्समवेअरच्या ऑगस्ट २०१९ पूर्वीच्या बहुतेक अवतारांवर फुकट उतारा काढला. नंतरच्या अवतारांत, हल्ल्याच्या वेळी इंटरनेट बंद असेल तर प्रोग्राम स्वतःबरोबर आणलेली ठरावीक किल्ली वापरतो आणि ती कधी ना कधी सापडू शकते. म्हणजे इथेही नेट गेलेलं बरं! युरोपोल, डच पोलीस आणि दोन सुरक्षा कंपन्यांनी २०१६ मध्ये सुरू केलेल्या ‘नो मोअर रॅन्सम’ या वेबसाइटवर असे उतारे एकत्र मिळतात.

महाराष्ट्राला या धंद्याची ओळख जुनी आहे, आणि औषधाचीही. पुण्यात कॅल्क्युलेटर आणि रेडिओ दुरुस्त करणारे कैलास काटकर यांनी दुकानात कॉम्प्युटर घेतले. दुरुस्तीला येणाऱ्या मशिनींमध्ये फ्लॉपीवरून आलेले व्हायरस दिसू लागले, तेव्हा कॉम्प्युटर सायन्स शिकणारे धाकटे बंधू संजय मायकेलअँजेलोसारख्या व्हायरसवर उतारे लिहू लागले. क्विक हील ही अँटिव्हायरस कंपनी त्यातून उभी राहिली आणि २०१६ मध्ये शेअर बाजारात आली. त्या काळी व्हायरस डिस्क पुसायचा आणि मोकळा व्हायचा. आता तो पैसे मागतो, आणि मागण्याआधी बॅकअप शोधतो. हा फरक पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. जोडून ठेवलेली डिस्क त्याच्या लेखी बॅकअप नसते, आणखी एक ड्राइव्ह असते.

सरकारी कचेऱ्यांनीही हे भोगलं. मे २०१६ मध्ये मंत्रालयातल्या सुमारे दीडशे कॉम्प्युटरांना लॉकी नावाच्या रॅन्समवेअरने धरलं. मार्च २०२१ मध्ये एमआयडीसीच्या सर्व्हरांवर सिनॅक नावाच्या रॅन्समवेअरचा हल्ला झाला आणि कामकाज विस्कळीत झालं; बॅकअप नेटवर्कच्या वेगळ्या भागात असल्याने ते सुरक्षित आहेत, असं महामंडळाने तेव्हा कळवलं. ‘वेगळ्या भागात’ हे दोन शब्द म्हणजे त्या सगळ्या प्रकरणातली सर्वांत मोलाची खरेदी. घरी हे करायला पैसे लागत नाहीत. डिस्कची वायर काढायची, एवढंच.

वायर काढून कपाटात ठेवलेली डिस्कही चोरीत किंवा आगीत जाते. म्हणून घराबाहेरची प्रत. यावर क्लाउड हे उत्तर ऐकायला सोपं वाटतं. सेकंदाला ५ मेगाबिटचा अपलोड मिळाला, तर ५०० जीबी वर चढवायला नऊ दिवसांहून अधिक लागतात, तेही रात्रंदिवस लाईट आणि नेट राहिलं तर. घानातल्या माणसाने जे केलं तेच जऊळक्यातल्या माणसाला परवडतं. दिवाळीत भाऊबीजेला बहीण येते, ती जाताना डिस्क अकोल्याला घेऊन जाते. गुढीपाडव्याला ती परत येते, दुसरी डिस्क जाते. अशा दोन डिस्क आलटून-पालटून फिरल्या की जगातल्या मोठ्या कंपन्या टेपांच्या पेट्या गाडीत घालून करत आल्या आहेत तेच काम झालं. तातडीचं, रोज बदलणारं, आकाराने लहान तेवढं क्लाउडवर. मात्र डिस्क घराबाहेर जाणार असेल तर ती कुलूपबंद करून द्यावी. बहिणीवर अविश्वास नाही, पण एसटीत पिशवी राहते.

कुलपाची गोष्ट निघाली की वऱ्हाडातल्या माणसाने इंग्रजी पुस्तकं उघडायची गरज नाही. अमरावती जिल्ह्यातलं रिद्धपूर, जिथे आता मराठी भाषा विद्यापीठ आहे, ते महानुभाव पंथाचं ठाणं. तेराव्या शतकाच्या अखेरीस म्हाइंभटांनी चक्रधरस्वामींच्या आठवणी गावोगाव फिरून गोळा केल्या, त्याचं लीळाचरित्र झालं. पुढे खालशाच्या धाडीत, म्हणजे खिलजीच्या फौजांच्या धामधुमीत, मूळ पोथी गेली. ग्रंथ वाचला तो ज्यांनी तो पाठ केला होता त्यांच्या स्मरणातून. पण प्रत्येकाच्या स्मरणातला ग्रंथ थोडा वेगळा निघाला आणि आजही लीळाचरित्राचे वेगवेगळे पाठ मिळतात. अभ्यासक अजून त्यांचा मेळ घालत आहेत. एकाच ठिकाणी एकच मूळ आणि इतरत्र अर्धवट प्रती, याचा परिणाम सातशे वर्षं पुरला.

नंतर महानुभावांनी पोथ्या सांकेतिक लिप्यांत उतरवल्या. रवळोव्यासांची सकळ लिपी त्यातली प्रसिद्ध: एका अक्षराच्या जागी दुसरं, ठरावीक बदलाने. पंथाबाहेरच्या माणसाच्या हाती पोथी पडली तरी तिला काही अर्थ नव्हता. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला वि. का. राजवाडे आणि वि. ल. भावे यांच्या खटपटीने किल्ली बाहेर आली, आणि मराठीच्या आरंभकाळातलं गद्य एकदम अभ्यासकांच्या पुढ्यात आलं. तोवरची शतकं त्या पोथ्या सुरक्षितही होत्या आणि बाहेरच्या जगासाठी असून नसल्यासारख्याही. किल्ली पंथात गुरुशिष्यांनी टिकवली म्हणून बरं. ती एकट्याकडे असती आणि तो बोलता न येता गेला असता, तर?

हा प्रश्न आता लॅपटॉप असलेल्या प्रत्येक घरात आला आहे, फक्त घरच्यांना त्याचा पत्ता नाही. विंडोज ११ची २०२४ अखेरची आवृत्ती नव्याने टाकून मायक्रोसॉफ्टच्या खात्याने आत शिरलं, की पुष्कळ लॅपटॉपांची डिस्क आपोआप एन्क्रिप्ट होते. मालकाला विचारलं जातं असंही नाही. सुरळीत चाललंय तोवर काही कळत नाही. मदरबोर्ड गेला, बायोसमध्ये काही बदललं, की निळा पडदा ४८ आकडी किल्ली मागतो. ती त्या मायक्रोसॉफ्ट खात्यात जमा असते. ते खातं दुकानदाराने लॅपटॉप देताना स्वतःच्याच ईमेलवर उघडून दिलेलं असेल, तर बारावीच्या प्रकल्पापासून घरच्या फोटोंपर्यंत सगळं सकळ लिपीत गेलं समजा. मानस क्रिप्टोग्राफी शिकण्याचा असो वा नसो, आज संध्याकाळी करण्यासारखं काम हे: खात्यात जाऊन किल्ली बघायची, कागदावर उतरवायची, आणि तो कागद खरेदीखताच्या फाइलमध्ये ठेवायचा. लॅपटॉपच्या बॅगेत नव्हे.

न वाचता येणाऱ्या प्रतींचा दुसरा ढीग तर मराठी माणसाने स्वतःच्या हाताने रचलाय. १९९० ते २०१० या काळात गावोगावच्या डीटीपीवाल्यांनी लग्नपत्रिका, स्मरणिका, ग्रामपंचायतीचे अहवाल, कुळांच्या वंशावळी टाइप केल्या त्या बहुतांशी श्री-लिपी, आकृती, सीडॅकचं आयएसएम किंवा कृतीदेव अशा फॉन्टांत, पेजमेकरमध्ये. या फायलींच्या पोटात मराठी अक्षरं नसतातच. इंग्रजी अक्षरांच्या आणि चिन्हांच्या जागांवर मराठी आकार बसवलेले असतात. फॉन्ट आहे तोवर ‘श्री गणेशाय नमः’, फॉन्ट काढला की कुणी कीबोर्डवर हात आपटल्यासारखी ओळ. त्यातून काही सॉफ्टवेअर प्रिंटर पोर्टला लावायच्या डोंगलशिवाय चालायचं नाही, आणि प्रिंटर पोर्ट तर आता कॉम्प्युटरलाच नाही. फाइल जशीच्या तशी आहे, एकही बिट हललेला नाही, आणि वाचता येत नाही. त्यावर उपाय आहे. युनिकोडमध्ये बदलून देणारे कन्व्हर्टर मिळतात, पण नेमका कोणता फॉन्ट होता हे ठाऊक पाहिजे. आणि रफार, पहिली वेलांटी, जोडाक्षरं हटकून चुकतात, म्हणून नंतर माणसाने वाचावंच लागतं. ज्यांच्याकडे अशा फायली आहेत त्यांनी निदान दोन गोष्टी कराव्यात. फॉन्टची फाइल त्याच फोल्डरात ठेवावी, आणि जुना कॉम्प्युटर चालतोय तोवर प्रत्येक कामाची पीडीएफ काढून घ्यावी.

वाशीमला १९३९ मध्ये वाकाटक राजा दुसऱ्या विंध्यशक्तीचे ताम्रपट मिळाले. चौथ्या शतकातलं वत्सगुल्म म्हणजे आजचं वाशीम, तिथून दिलेल्या दानाची ही नोंद तांब्यावर कोरलेली असल्याने सोळाशे वर्षांनी वाचता आली, तीही लिपी आणि प्राकृत जाणणारे पंडित होते म्हणून. घरी राइट केलेली सीडी मात्र वीसेक वर्षांतही रंग सोडू शकते. पेनड्राइव्ह कपाटात वर्षानुवर्षं पडून राहिला तर त्यातला विद्युतभार हळूहळू गळतो. तो ने-आण करण्यासाठी आहे, साठवणीसाठी नाही. फिरणारी हार्ड डिस्कच अजून घरगुती साठवणीला स्वस्त आणि बरी. बॅकब्लेझ ही अमेरिकन कंपनी आपल्या लाखो डिस्कांचे आकडे दर तिमाहीला छापते. तिथे वर्षाला शंभरात साधारण दीड डिस्क मरते, अन् तीही थंड खोलीत, स्थिर विजेवर. मे महिन्यातल्या पत्र्याच्या खोलीचे आकडे कोणी छापलेले नाहीत.

फोनचं गणित वेगळंच. फोनमधले फोटो गूगलकडे जातात, म्हणून बॅकअप झाला असं पुष्कळ जण धरून चालतात. १ जून २०२१ पासून तिथली फुकट जागा एकूण १५ जीबी, त्यातच जीमेल, त्यातच आता व्हॉट्सॲपचा बॅकअप. जागा भरली की नवे फोटो चढायचे मुकाट्याने थांबतात. शिवाय हे सिंक आहे: फोनमध्ये जागा करायला फोटो पुसला की तो वरूनही जातो, महिना-दोन महिने कचऱ्यात राहून. आणि दोन वर्षं कोणी न वापरलेलं गूगल खातं कंपनी पुसू शकते. वडील गेल्यावर त्यांचा फोन बंद करून ठेवणाऱ्या घरांनी हे ध्यानात घेतलेलं बरं. व्हॉट्सॲपवर लग्नपत्रिका, आरटीओचं चलान किंवा पीएम किसानचा हप्ता अशा नावाने येणारी एपीके फाइल मात्र फोटो चोरायला आलेली नसते. ती एसएमएस वाचायची परवानगी मागते, म्हणजे ओटीपी. पत्रिका फोटो असते किंवा पीडीएफ. ‘इन्स्टॉल’ करावी लागते ती पत्रिका नव्हे. पैसे गेलेच तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर ताबडतोब फोन. पैसे पुढच्या खात्यातून निघायच्या आत अडवता येतात, आणि तो अवकाश तासांत मोजावा लागतो.

उरला प्रश्न, बॅकअप खरंच उघडतो का? ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या कंपनीत एका इंजिनीयरने रात्री चुकीच्या सर्व्हरवर डेटाबेसचं फोल्डर पुसलं. तीनशे जीबींतले साडेचार उरले तेव्हा हात थांबला. बॅकअपच्या पाच पद्धती होत्या. एकीच्या फायली रिकाम्या, दुसरी सुरूच केलेली नव्हती, असं करत पाचांतली एकही धड निघाली नाही. कोणीतरी योगायोगाने सहा तास आधी काढून ठेवलेली प्रत कामी आली. गिटलॅबने हे सगळं लपवून न ठेवता, दुरुस्ती चालू असतानाच लोकांना दाखवलं, ही त्यांची मोठीच गोष्ट.

घरी तपासणीला दुसरा कॉम्प्युटर लागतो, आणि तो आता पुष्कळ घरांत असतो. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १०चा नेहमीचा सांभाळ मायक्रोसॉफ्टने थांबवला, आणि विंडोज ११ चालत नाही अशा मशिनी माळ्यावर जाऊ लागल्या. त्यांतल्या एकीवर लिनक्स मिंट टाकावं; चार जीबी रॅमवर ते चालतं. वर्षातून दोनदा, परीक्षा आणि सुगी यांच्या मधल्या सवडीत, बॅकअपची डिस्क त्या मशिनीला लावायची आणि प्रत्येक वर्षाच्या फोल्डरातली एकेक फाइल नुसती बघायची नाही, उघडायची. व्हिडिओ मधूनच चालवायचा. एन्क्रिप्ट केलेली डिस्क कागदावरच्या किल्लीनेच उघडायची, पाठ असलेल्या पासवर्डने नाही. जुनी मशीन सहा महिने बंद राहिली की बोर्डावरचा नाण्याएवढा जुना सेल उतरू शकतो; तसं झालं की तारीख मागे कुठेतरी जाऊन बसते, आणि मग ब्राउझर एकही वेबसाइट धड उघडत नाही. त्याचा नंबर सीआर २०३२. घड्याळवाल्याकडे मिळतो.